कोल्हापुरात चर्चेचा कट्टा चालवायचाय? मग आधी जो बोलत नाही त्याचा विचार करा

मला अधनंमधनं मेसेज येतात की ताई, आमच्या पेठेत, आमच्या कॉलनीत, आमच्या वाचनालयात असा कट्टा सुरू करायचाय, इतिहासावर, भाषेवर, साहित्यावर, आपल्या समाजावर लोकांनी गोल बसून बोलायचं, सगळ्या जातीधर्माची माणसं यायला पाहिजेत, तर सुरुवात कुठनं करू? प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. (मी बाई आहे, पण कोल्हापुरात आम्ही बायका "मी गेलो, मी आलो"च म्हणतो, म्हणून इथंही तसंच लिहितोय. याच्यावर आमचा एक अख्खा कट्टा झाला होता, त्याचं पुढं सांगतो.)

भाषण वेगळं, कट्टा वेगळा

कोल्हापूरला व्याख्यानांची कमी नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, पेठेपेठेत वाचनालयं आहेत, जयंती-पुण्यतिथीला व्याख्यान ठरलेलंच असतं. ऐकायची सवय आपल्याला चांगली आहे आणि मला त्याचा आदरच आहे. पण व्याख्यानात एक माणूस तासभर बोलतो, बाकीचे ऐकतात, शेवटी "कुणाला काही प्रश्न?" म्हटलं की तेच तीन-चार हात वर येतात, बहुतेक रिटायर झालेले, बहुतेक पुरुष, आणि प्रश्नाच्या जागी दुसरं भाषण होतं. मागच्या रांगेत बसलेली धुणीभांडी करून आलेली मावशी, फौंड्रीत काम करणारा बिहारचा पोरगा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी गुपचूप घरी जातात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते कुणालाच कळत नाही.

कट्टा या माणसांसाठी असतो. त्यामुळं जागा असो, वेळ असो, वाचायचा मजकूर असो, खुर्च्या असोत की चहा, प्रत्येक गोष्ट ठरवताना एवढंच बघायचं की जो माणूस आयुष्यात चारचौघांत कधी बोललेला नाही त्याला यानं सोपं जाईल का अवघड. मी पुढं जे काही सांगतोय ते सगळं यातनंच आलंय.

एका कट्ट्याला १२ ते १८ माणसं बास. २५ आली तर दोन गोल करा, दोन चालवणारे ठेवा. ५० आली म्हणून खूश होऊ नका, ५० माणसांत दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत.

पहिली पायरी: पत्रिका छापायच्या आधी फिरा

पहिले तीन आठवडे विषय ठरवू नका, बॅनर नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको. नुसतं फिरा. वाचनालयाचे ग्रंथपाल, बचत गटाच्या अध्यक्षा, अंगणवाडीच्या सेविका, आशाताई, तालमीतले वस्ताद, मशिदीच्या ट्रस्टवरचे लोक, बुद्धविहारातले कार्यकर्ते, चर्चचे फादर, बोर्डिंगचे रेक्टर, एमआयडीसीत लेबर पुरवणारा मुकादम, या सगळ्यांना जाऊन भेटा, आणि पहिल्या भेटीत काही मागू नका. चहा घ्या आणि विचारा, "तुमच्याकडं अशी कुठली गोष्ट आहे जिच्यावर बोलायचं राहूनच गेलंय?"

"आम्हाला एकोपा वाढवायचाय" असं म्हणत जाऊ नका. मी पहिल्या वर्षी तसंच म्हणत गेलो होतो, सदर बाजारात एका काकांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आमच्यात काय कमी दिसली तुम्हाला?" आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासनं मी फक्त विषयाबद्दल बोलतो, की आपल्याला जुन्या कोल्हापूरच्या गोष्टींवर बसायचंय, तुमच्याकडच्या गोष्टी त्यात पाहिजेत.

आणि हे पाठच करून ठेवा: कुठल्याही समाजाचा एकटा माणूस बोलवायचा नाही, कमीत कमी तिघं तरी पाहिजेत. एकटा असला की सगळी मान वळवून त्याच्याकडं बघतात आणि "तुमच्यात कसं असतं ओ?" हे सुरू होतं. तो बिचारा अख्ख्या समाजाचा वकील होऊन बसतो. मुसलमान बाईला पाककृतीवर, पुस्तकावर, पोरांच्या शाळेवर बोलायचं असतं, आणि आपण तिला बुरख्यावर विचारत राहतो. तिघी असल्या की त्यांच्यातच दोन मतं निघतात, आणि समाज म्हणजे एकच आवाज नसतो हे सगळ्यांना आपोआप दिसतं.

दुसरी पायरी: जागा

जागेवर वेळ घालवा, पाहिजे तेवढा घालवा, कारण निम्मी माणसं जागा बघूनच यायचं का नाही ते ठरवतात.

दसरा चौकातनं रोज जाणाऱ्यांना लक्षात येत नाही, पण त्या एका परिसरात किती बोर्डिंग उभी आहेत बघा. शाहू महाराजांनी १९०१ पासनं एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग. वेगळ्या समाजांची पोरं शिकली ती एका हाकेच्या अंतरात. म्हणजे आपल्या शहरात प्रत्येक इमारतीवर एका समाजाचं नाव आहे आणि त्या नावाचा मान ठेवायला हवा, पण कट्टा कायम एकाच इमारतीत घेतला तर बाकीच्यांना आपण पाहुणे वाटतो. म्हणून फिरता ठेवा. एकदा वाचनालयात, एकदा महापालिकेच्या शाळेच्या वर्गात, एकदा विहारात, एकदा मदरशाच्या अंगणात. दुसऱ्याच्या दारात पाय ठेवणं हाच अर्धा कार्यक्रम असतो.

मोठे हॉल टाळा. शाहू स्मारक भवन सगळ्यांच्या ओळखीचं आहे, बस-रिक्षाला सोयीचं आहे, पण स्टेज आलं की स्टेजवरचे आणि खालचे असे दोन गट तयार होतात. तालीम मला स्वतःला लई आवडते, पेठेची सगळी सुखदुःखं तिथंच बोलली जातात, मोहरमला कितीतरी तालमीत पंजे बसतात आणि त्याच तालमीचा गणपतीही असतो, सगळ्यांना मिळून-मिसळून असायची सवय तिथं आहेच. पण तालमीत बायका मोकळेपणानं बसत नाहीत, तेव्हा तालीम पाहिजेच असेल तर बाहेरच्या कट्ट्यावर किंवा शेजारच्या मंडळाच्या खोलीत बसा.

जागा बघायला जाल तेव्हा एखाद्या गुडघे दुखणाऱ्या आजींना बरोबर न्या. जिना किती उंच, संडास चालू आहे का, बायकांना वेगळा आहे का, पंख्याच्या आवाजात ऐकू येतंय का, रात्री परत जाताना रस्त्यावर लाईट आहे का, हे त्यांना तुमच्या आधी दिसेल.

खुर्च्या गोल. सतरंजी असेल तर सगळेच खाली बसतील, म्हाताऱ्यांना खुर्ची, पण मग चालवणाऱ्यानं खालीच बसायचं.

तिसरी पायरी: वेळ

"रविवारी सकाळी १० वाजता" हे आयोजकाच्या सोयीचं असतं. रविवारी सकाळी बाईला सगळ्यात जास्त काम, घरात मटण असतं, पाहुणे असतात. घरकाम करणाऱ्या आणि गृहिणींसाठी दुपारी ३ ते ४:३० चांगलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कामगारांसाठी शिफ्ट विचारून संध्याकाळी ७:३० नंतर, आणि साप्ताहिक सुट्टी कारखान्याप्रमाणं बदलते, ती अंदाजानं धरू नका. इचलकरंजीकडच्या लूमवाल्या लोकांना रात्रपाळी असते. ऊसतोडीची माणसं हंगाम सुरू झाला की येतात आणि संपला की जातात, त्यांच्यासाठी काही करायचं तर त्यांच्या पालांवर जाऊन, थंडीतच.

कॅलेंडर उघडून आधी हे दिवस खोडा: रमजानचा महिना (ठेवलंच तर रोजा सुटल्यावर), शुक्रवारची दुपार, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, १४ एप्रिलच्या आसपासचे दिवस, पर्युषण, गणपती, बोर्डाची परीक्षा, आणि पेठांच्या फुटबॉलची मोठी मॅच. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, फायनलला शिवाजी पेठेत एक तरुण पोरगा मिळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लांबच्या तारखा देऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला त्या दिवसांत चर्चा सुचत नाही, त्याचा जीव घरातल्या सामानात असतो.

मुलांचं काय? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि म्हणून तरुण बायका येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली अर्ल शॉरिस नावाच्या लेखकानं गरीब वस्तीतल्या मोठ्या माणसांसाठी तत्त्वज्ञान, साहित्य, कला, इतिहास असा फुकट कोर्स काढला, क्लेमेंटे कोर्स म्हणतात त्याला, तर त्यात येण्याजाण्याचं भाडं आणि पोरं सांभाळायची सोय सुरुवातीपासनं होती. आपण इथं एवढं तरी करू शकतो की शेजारच्या खोलीत दोन कॉलेजच्या मुली, कागद, खडू आणि गोष्टीची पुस्तकं. आमच्याकडं हे सुरू केल्यावर पहिल्यांदा तिशीच्या आतल्या बायका दिसायला लागल्या.

चौथी पायरी: काय वाचायचं

नुसतं "जात" किंवा "संस्कृती" हा विषय ठेवून बसलात की माणसं टीव्हीवर ऐकलेलंच बोलतात. मधे ठेवायला काहीतरी वस्तू पाहिजे, एक पानाचा मजकूर, एक फोटो, एक पत्र, एक भांडं. जे दहा मिनिटांत मोठ्यानं वाचून होईल ते. मोठ्यानंच वाचायचं, कारण गोलात वाचता न येणारं माणूस असतंच आणि त्यानं ते सांगायची गरज पडायला नको. घरी वाचून या असं कधी सांगू नका, न वाचलेली माणसं लाजून येतच नाहीत.

आमचे तीन सगळ्यात चांगले कट्टे सांगतो, तुम्ही तसेच्या तसे उचललेत तरी चालेल.

पहिला, २६ जुलै १९०२ चा करवीर सरकारचा, म्हणजे शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानाचा आदेश. नोकरीतल्या ५० टक्के रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवायचा, महाराज तेव्हा विलायतेत होते. आदेश छोटाच आहे. तो वाचून झाल्यावर "आरक्षण हवं का नको" हा प्रश्न टाकायचा नाही, तो टाकलात की तुमचा कट्टा तिथंच संपला. आम्ही विचारलं, "यात कुठल्या जातींची नावं घेऊन त्यांना मागासलेल्यांतनं वगळलंय? आणि दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा हिशोब द्या असं खातेप्रमुखांना का सांगितलं असेल?" दुसऱ्या प्रश्नावर एक एसटी कंडक्टर दादा, जे दोन बैठका गप्प होते, म्हणाले की साहेब लोक आदेश काढतात पण खालचा क्लार्क फाईल दाबतो, महाराजांना हे माहीत असणार. तिथनं पुढं तासभर ऑफिस, फाईल, साहेब, शिपाई यांच्यावर असं बोलणं झालं की सगळ्या जातीची माणसं एका बाजूला होती.

दुसरा, चप्पल. मधे एक कोल्हापुरी चप्पल ठेवली. २०१९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. पहिला प्रश्न, "मग ही चप्पल कोणाची?" जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली तेव्हा सगळे चिडले होते, तो राग निघाला, निघू दिला. मग दुसरा प्रश्न, "ही बनवणाऱ्याच्या घरी आपल्यापैकी कोण कधी जेवलंय?" लई वेळ कोणी बोललं नाही. कातडं कमावणारे ढोर समाजाचे, शिवणारे चर्मकार समाजाचे, वेण्या घालणाऱ्या त्यांच्या घरच्या बायका, त्यांच्यातल्या दोघी त्या दिवशी गोलात होत्या आणि पहिल्यांदा बोलल्या त्या, की आमच्या बोटांचं नाव कुठल्याच बॉक्सवर नसतं. असा प्रश्न पहिल्या बैठकीत टाकू नका. माणसं एकमेकांना तीन-चारदा भेटलेली असली पाहिजेत.

तिसरा, ते "मी आलो". एका कागदावर दहा वाक्यं लिहिली आणि विचारलं की तुमच्या घरात हे कसं म्हणतात. पुण्याहून लग्न करून आलेली सून म्हणाली, मी "आले" म्हटलं की सासरचे हसायचे. गडहिंग्लजच्या बाईंच्या घरी कन्नड, माहेरचं मराठी वेगळं. दखनी बोलणाऱ्या चाचींनी सांगितलं की आमच्या घरी "हौ" म्हणतात आणि बाहेर पोरं ते तोंडातनं निघू नये म्हणून जपतात. शाळेत कुणाची भाषा अशुद्ध ठरवली गेली, कुणाला मार बसला, हे सगळं त्यातनं बाहेर आलं. कुठलाही वादाचा शब्द न वापरता आम्ही दीड तास मानपानावर आणि लाजेवर बोलत होतो. नवीन लोकांनी सुरुवात भाषेपासनंच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण भाषा प्रत्येकाकडं असते आणि त्यात कुणी एक्स्पर्ट नसतं.

पाचवी पायरी: प्रश्न

तीनच प्रश्न लिहून न्या. पहिला मजकुराला चिकटून, म्हणजे ज्याचं उत्तर कागदावर बोट ठेवून देता येईल, त्यानं घाबरलेल्या माणसाला आधार मिळतो. दुसरा स्वतःच्या आयुष्यातला. तिसरा आपल्या सगळ्यांचा. हा क्रम मोडू नका. ज्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" आहे तो प्रश्न फाडून टाका, आणि ज्याचं "बरोबर" उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे तोही, कारण लोकांना तो वास लगेच येतो आणि ते तुम्हाला खूश करणारं बोलतात.

प्रश्न टाकल्यावर गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. पहिल्यांदा हे दहा आकडे संपता संपत नाहीत, आपल्याला वाटतं कार्यक्रम पडला, आणि आपणच तोंड उघडतो. उघडू नका, सातव्या-आठव्याला कुणीतरी बोलतंच. नाहीच बोललं तर सांगा, "शेजारच्याशी तीन मिनिटं बोला, मग ऐकू." जोडीत बोललेलं माणूस नंतर गोलात बोलतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिला प्रश्न मी कायम जोडीतच देतो. फक्त जोडी लावताना सासू-सून, मालक-कामगार, सर-विद्यार्थी एकत्र येऊ देऊ नका.

सहावी पायरी: चालवणाऱ्यानं काय करायचं

आपलं मत सांगायचं नाही. हे लई अवघड आहे, विशेषतः समोर कुणी चुकीचा इतिहास सांगत असेल तेव्हा. तारीख, आकडा, नाव चुकलं तर शांतपणे दुरुस्त करायचं, तेवढाच हक्क. मत असेल तर दुसऱ्याला विचारायचं, "तुम्हाला हे असंच आठवतंय का?"

भाषण ठोकणारे आबा प्रत्येक कट्ट्यात असतात. त्यांचा अपमान करू नका, त्यांनी आयुष्यभर वाचलेलं असतं आणि ऐकणारं कुणी उरलेलं नसतं. त्यांना काम द्या. मजकूर मोठ्यानं वाचायचं काम त्यांचं, आणि आवाजही त्यांचाच चांगला असतो. तरी लांबलं तर, "आबा, तुमच्या या मुद्द्यावर मला वहिनींचं ऐकायचंय, मग परत तुमच्याकडं येतो," आणि खरंच परत यायचं. एकदा परत आला नाहीत तर पुढच्या वेळी आबा थांबणार नाहीत.

भाषेचा नियम असा की ज्याला ज्या भाषेत येतं त्यानं त्या भाषेत बोलायचं, शेजारच्यानं मराठीत सांगायचं. हिंदी, कन्नड, दखनी, सिंधी, काहीही. गांधीनगरचे एक काका सिंधीत फाळणीनंतरच्या प्रवासाचं बोलले, त्यांचा नातू मराठीत सांगत होता आणि मधेच थांबला, कारण त्यानंही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. यात वेळ दुप्पट जातो, म्हणून मजकूर निम्मा ठेवा.

चहाकडं लक्ष द्या. भाऊसिंगजी रोडवर अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथला चहा पिऊन बरोबरच्यांनाही प्यायला लावला, ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, तरी कोण चहा करतंय आणि कोण कप न घेता बाजूला ठेवतंय हे अजूनही बघावं लागतं. सगळ्यांना एकसारखे कप, चहा आळीपाळीनं सगळ्यांनी वाटायचा, बायकांनीच नाही. खायला साधे चुरमुरे, फुटाणे, केळी. भडंगात लसूण असतो, जैन लोक खाणार नाहीत आणि संकोचानं सांगणारही नाहीत.

सातवी पायरी: पेटलं तर

पेटतं. शिवाजी महाराज, आरक्षण, लग्न, मांस, यांपैकी कशावरनंही पेटू शकतं. ७ जून २०२३ ला नुसत्या मोबाईलवरच्या स्टेटसवरनं आपल्या शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं, हे आपण बघितलंय. म्हणून पहिल्या मिनिटाला नियम सांगायचा आणि प्रत्येक बैठकीत परत सांगायचा: इथलं बोलणं इथंच, रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, स्टेटस नाही. फोटो हवाच असेल तर शेवटी, ज्यांना यायचंय तेवढ्यांचाच.

हा नियम मी सुरुवातीला ठेवला नव्हता. एका ताईंनी माहेरच्या एका जुन्या रूढीबद्दल मनातलं सांगितलं, कुणीतरी तेवढीच अर्ध्या मिनिटाची क्लिप एका ग्रुपवर टाकली, संध्याकाळी त्यांच्या घरी भांडण झालं. त्यांनी यायचं बंद केलं. मी दोनदा घरी गेलो, त्यांनी चहा दिला, बोलल्या चांगल्या, पण आल्या नाहीत. ते मला आजही टोचतं. तुमच्याकडं असं होऊ देऊ नका.

आवाज चढला की, "थांबूया, पाणी पिऊया" म्हणा आणि खरंच पाणी फिरवा, दोन मिनिटं जाऊ द्या. मग कागदावर परत या, "यात नेमकं काय लिहिलंय, परत एकदा वाचू." कुणी समोरच्या माणसाच्या जातीवर, धर्मावर, बाईपणावर घसरला तर तिथंच, सगळ्यांसमोर, हळू आवाजात सांगायचं की हे इथं चालणार नाही. ते नंतर कोपऱ्यात नेऊन सांगितलं तर ज्याला लागलंय त्याला वाटतं की आपल्या बाजूनं कुणीच नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही घरी जायचं, फोनवर भागत नाही.

परवानगी, पैसे वगैरे

बंद खोलीत, स्पीकर न लावता १५ माणसं बसणार असतील तर फक्त जागेवाल्याची लेखी हो घ्या. मैदानात, रस्त्याकडेला किंवा स्पीकर लावून असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, आठवडाभर आधी, आणि रात्री १० ला स्पीकर बंद. खर्च झेरॉक्स, चहा आणि कुणाकुणाचं रिक्षाभाडं एवढाच असतो. दारात डबा ठेवा, हिशोब भिंतीला लावा. कुठल्याही पक्षाचे, इच्छुक उमेदवाराचे पैसे घेऊ नका, बॅनर तर अजिबात नको. हार, नारळ, शाल, फेटे काही नको, त्यातच पाऊण तास जातो आणि ज्याला फेटा बांधला तो मग बोलत सुटतो.

मालिका करा, एकटा कार्यक्रम करू नका. पंधरा दिवसांनी एक असे चार कट्टे, तीच माणसं, चारही कट्ट्यांच्या तारखा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या.

शेवटचं काम: वही

प्रत्येक कट्ट्यानंतर त्याच रात्री वहीत चार ओळी लिहा. किती आले ते लिहाच, पण त्याच्या खाली नावानिशी लिहा की आज पहिल्यांदा कोण बोललं आणि अजून कोण बोललेलं नाही. (वही घरी कुलपात ठेवा.) दुसऱ्या दिवशी जे बोलले नाहीत त्यांच्यातल्या दोघांना फोन करायचा. "काल का बोलला नाहीत?" असं विचारू नका, "काल चहा गार झाला होता का ओ?" असं काहीतरी विचारा आणि ऐका.

मागच्या महिन्यात यादवनगरच्या एका मावशींना असाच फोन केला. तीन बैठका झाल्या, त्यांचा एक शब्द नव्हता. म्हणाल्या, "माझी आई पालापाचोळा गोळा करताना एक गाणं म्हणायची, ते तुमच्या त्या कागदापेक्षा चांगलं हाय. पण ते म्हणायचं का सांगायचं तेच मला कळंना." मी म्हटलं, मावशी, म्हणा. चौथ्या कट्ट्याचा कागद रद्द केला, झेरॉक्स काढलेल्या होत्या त्या तशाच ठेवल्या, आणि मधे वाचायला त्या दिवशी मावशींचं गाणं होतं.